ब्रेक दाबला की लिव्हर बोटाला ठोके देतो, मग दोष नेमका कशात?

प्रश्न असा आहे: २९ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) सायकल, पुढे १८० मिलिमीटरचा सहा बोल्टचा रोटर (पॅड ज्याला पकडतात ती पोलादी चकती), दोन पिस्टनचा हायड्रॉलिक ब्रेक. उतारावर पुढचा ब्रेक हलका दाबला की लिव्हर बोटाला मागे ढकलतो, सैल पडतो, पुन्हा ढकलतो. ‘कारच्या एबीएससारखं’ असं वर्णन केलंय. पॅड बदलून झाले, ब्रेक ब्लीड करून (जुनं तेल आणि हवा काढून नवं तेल भरून) झाला, रोटर डोळ्याने बघत दोनदा सरळ करून झाला. ठोके जसेच्या तसे. आता अख्खा ब्रेकच बदलावा का?

आधी एवढंच सांगतो की ब्रेक बदलू नका, इतक्यात तरी नको. तुमच्या वर्णनावरून संशय रोटरवरच जातो. पण तो वाकडा आहे असं मला वाटत नाही. त्याची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही असं वाटतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. पॅड नवे आले, तेल नवं आलं, रोटर मात्र तोच राहिला. अर्थात मी तुमची सायकल पाहिलेली नाही, लिव्हर माझ्या बोटाने दाबलेला नाही. त्यामुळे माझ्या शब्दावर लगेच रोटर विकत घेऊ नका. आधी खालच्या चाचण्या करून बघा. खडू, थोडी मोकळी सपाट जागा आणि शेवटी एक मायक्रोमीटर (जाडी बारकाईने मोजायचं साधन), एवढ्यात काम भागतं.

वाकडा रोटर आणि जाडी बदललेला रोटर यांत फरक का पडतो, ते समजलं की निम्मं निदान तिथेच होतं. हायड्रॉलिक कॅलिपरमध्ये, म्हणजे रोटरवर बसणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यात, दोन्ही बाजूंचे पिस्टन एकाच तेलाने जोडलेले असतात. समजा रोटर वाकडा आहे आणि फिरताना एका ठिकाणी डावीकडे सरकतो. तो डावा पिस्टन जेवढा आत ढकलेल, तेवढाच उजवा पिस्टन त्याच्या मागोमाग बाहेर येईल. तेल कॅलिपरच्या आतल्या आत इकडून तिकडे जातं. लिव्हरपर्यंत त्याची खबरही जात नाही, गेलीच तर अगदी पुसट. म्हणून वाकडा रोटर बहुधा ब्रेक न दाबता ‘शिंग शिंग’ असा घासल्याचा आवाज करतो आणि ब्रेक दाबला की गप्प बसतो.

जाडीचं तसं नाही. रोटरचा जाड भाग पॅडमध्ये शिरला की दोन्ही पिस्टन एकाच वेळी मागे ढकलले जातात. आता तेलाला कॅलिपरमध्ये जागाच उरत नाही. ते होजमधून (तेलाच्या नळीतून) वर चढतं आणि लिव्हर बोटावर आपटतो. पातळ भाग आला की उलट, लिव्हर सैल पडतो. बरं, हा फरक बोटापर्यंत पोचताना मोठा होतो. ढोबळ हिशेब करू. कॅलिपरचा पिस्टन २२ मिलिमीटर व्यासाचा आणि लिव्हरमधला १० मिलिमीटरचा धरला, तर क्षेत्रफळाचं प्रमाण जवळपास पाचपट होतं. लिव्हरच्या दांड्याचं प्रमाणही चार-पाचपट असतं. म्हणजे रोटरवरची हालचाल बोटाच्या टोकाशी वीस ते पंचवीसपट होऊन येते. रोटरच्या जाडीत फक्त ०.०५ मिलिमीटरचा फरक असला तरी लिव्हरच्या टोकाशी एक मिलिमीटरहून जास्त हालचाल होणार. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं, ते यामुळे.

या नियमाला दोन अपवाद आहेत, तेही सांगून टाकतो. एक, केबलवर चालणारा यांत्रिक डिस्क ब्रेक. त्यात बहुधा एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर स्थिर असतो. तिथे रोटर वाकडा असला तर हलक्या दाबाला लिव्हरमध्ये ठोके येऊ शकतात. दुसरा, हायड्रॉलिकमध्येच एक पिस्टन अडकलेला असणं. मग तेलाची आतल्या आत अदलाबदल होत नाही आणि वाकडेपणाही लिव्हरपर्यंत पोचतो. हे तपासायला चाक काढा, लिव्हर अगदी थोडा, हळूहळू दाबा आणि दोन्ही पॅड सारखे पुढे येतात का बघा. जास्त दाबलात तर पिस्टन बाहेर निघून येईल, म्हणून हात आवरता ठेवा. एक पिस्टन जागचा हलत नसेल, तर आधी त्याची सफाई. पिस्टनच्या कडेला त्याच ब्रेकचं तेल लावायचं. मिनरल ऑइलच्या ब्रेकला मिनरल, डॉटच्या ब्रेकला डॉट. चुकीचं तेल सील खराब करतं, तेव्हा यात अंदाजपंचे काम करू नका.

आता चाचण्या. पहिली मी सायकलवर न बसताच करतो. सायकलच्या बाजूला उभं राहायचं, पुढचा ब्रेक एका बोटाने इतका हलका दाबायचा की चाक फिरेल पण ओढ लागेल, आणि सायकल हळूहळू पुढे ढकलत चालायचं. चालण्याच्या वेगात सगळं उलगडून कळतं. चाक कुठे अडतं, कुठे मोकळं होतं, त्या वेळी लिव्हर बोटाखाली हलतो का. जिथे अडकल्यासारखं होईल तिथे टायरच्या बाजूवर, कॅलिपरच्या समोर, खडूने खूण करा. आणखी पाच-सहा फेरे घ्या. खूण दर वेळी त्याच जागी पडत असेल तर दोष चाकाबरोबर फिरतोय, म्हणजे रोटर, हब (चाकाचा मधला भाग) किंवा टायर. खुणा कुठेही पडत असतील तर तो चाकाबरोबर फिरत नाही. बेअरिंग, हेडसेट (फोर्क फ्रेममध्ये जिथे फिरतो तो सांधा), बोल्ट यांच्याकडे बघायचं.

याच चाचणीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न सुटतो: ठोका बोटाला लागतो की अंगाला? लिव्हर खरोखर मागे-पुढे हलत असेल तर जाडीचा फरक (किंवा वर सांगितलेला अडकलेला पिस्टन). लिव्हर बोटाखाली जागेवर स्थिर, पण सायकल मात्र झोके खात थांबते, फोर्क दबतो-उठतो, तर मग रोटरची पकड सगळीकडे सारखी नाही: कुठे तेलकटपणा, कुठे पॅडचा थर. दोघांचा इलाज वेगळा. पहिल्यात पैसे खर्च होतात, दुसऱ्यात बहुतेक वेळा हाताची मेहनत पुरते.

दुसरा प्रश्न, चाकाच्या एका फेऱ्यात किती ठोके? २९ इंची चाकाचा परीघ सुमारे २.३ मीटर असतो. ताशी १० किलोमीटरला ते सेकंदाला एकाहून जरा जास्त फेरे घेतं. म्हणजे एका फेऱ्याला एकच ठोका असेल तर तो संथ, मोजता येण्याजोगा असतो: ढुक, ढुक, ढुक. एका फेऱ्यात सहा-सात ठोके पडत असतील, तर त्याच वेगाला ‘टर्रर्र’ अशी थरथर जाणवते. रोटरला सहा बाहू (मधून बाहेरच्या पट्ट्याकडे जाणारे दांडे) असतील आणि ठोकेही सहाच मोजले गेले, तर तो योगायोग समजू नका. आणि वेग कमी केला तरी थरथर तेवढीच जलद राहत असेल, तर ती चाकाशी बांधलेलीच नाही. फोर्क, कॅलिपर किंवा चाकाचे स्पोक थरथरताहेत. तुम्ही लिहिलंय की वेग कमी झाला की ठोकेही संथ होतात. हे चाकाबरोबर फिरणाऱ्या दोषाचं लक्षण आहे, आणि लिव्हर हलतो म्हणताय. म्हणून माझा कल जाडीकडे.

मग जाडी मोजायची. इथे लोक व्हर्नियर काढतात आणि फसतात. वापरलेल्या रोटरवर पॅड जिथे घासतो तिथे खळगा पडतो, वर-खालच्या कडा मात्र जाड राहतात. व्हर्नियरचे रुंद जबडे त्या कडांवर टेकतात आणि रोटर नवाकोरा असल्याचा आकडा दाखवतात. मायक्रोमीटर घ्या, त्याचं टोक खळग्यात बसलं पाहिजे. रोटर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मार्करने बाहूंवर क्रमांक टाका (घासणाऱ्या पट्ट्यावर शाई नको), आणि भोकं टाळून बारा ठिकाणी मोजा. प्रत्येक ठिकाणी कडेपासून अंतर सारखंच ठेवा, नाहीतर खळग्याचा उतारच मोजत बसाल. मायक्रोमीटर नेहमी त्याच्या खटक्यानेच आवळा. मुठीने आवळला की आकडा मनाला येईल तसा येतो.

दोन गोष्टी बघायच्या. एक, सगळ्यात कमी आकडा. शिमानोचे नेहमीचे रोटर नवे असताना १.८ मिलिमीटरचे असतात आणि १.५ च्या खाली गेले की बाद. ही मर्यादा रोटरवरच कोरलेली असते. मागुराचे रोटर २ मिलिमीटरचे, मर्यादा १.८. स्रॅमच्या जाड, २ मिलिमीटरच्या रोटरची मर्यादा १.७ आहे, जुन्या पातळ रोटरची १.५५. कंपनी कुठलीही असो, कोरलेला आकडा बघा, तोच खरा. दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेतला फरक. याला कुठे कोरलेली मर्यादा नसते, म्हणून माझ्या हाताचा हिशेब सांगतो. ०.०२ मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर मी रोटरला दोष देत नाही. ०.०३ ते ०.०४ मध्ये ब्रेकवर आणि माणसावर अवलंबून असतं. कुणाला जाणवतं, कुणाला नाही. ०.०५ च्या पुढे गेला की मी पुढे काही शोधत बसत नाही. सायकलचा रोटर कारच्या डिस्कसारखा लेथवर घासून घेता येत नाही, त्याच्या अंगात तेवढं मांसच नसतं.

आता तुम्ही म्हणाल, रोटर सरळ तर केला होता. मग जाडी बिघडली कशी? मला वाटतं, गोष्ट उलट्या क्रमाने घडली असावी. रोटर आधी कधीतरी आउट झाला, म्हणजे वाकला: चाक काढून गाडीत टाकताना, सायकल आडवी पडताना, कशानेही. आउट रोटर प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी पॅडला घासत राहतो. ब्रेक दाबलेला नसतानाही. शेकडो किलोमीटर हे चालू राहिलं की तेवढीच जागा झिजून पातळ होते. मग कोणीतरी रोटरचा आउट काढतो, घासल्याचा आवाज थांबतो, पण झीज तर झालेलीच असते. वाकडेपणा गेला, त्याने केलेलं नुकसान मागे राहिलं. म्हणून मी कुणाच्याही सायकलवर घासल्याचा आवाज ऐकला की ‘चालतंय की’ म्हणून सोडून देत नाही.

जाडी बिघडण्याची आणखी कारणं आहेत. काही स्वस्त रोटर मऊ पोलादाचे असतात आणि त्यांच्यावर फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असतं. त्यांना मेटल पॅड लावले की ते भराभर आणि वेडेवाकडे झिजतात. तुम्ही नुकतेच पॅड बदललेत, तेव्हा रोटरवर काय कोरलंय आणि पॅड कुठल्या जातीचे आहेत हे एकदा ताडून बघा. ओली सायकल बरेच दिवस एकाच जागी उभी राहिली तर पॅडखालच्या तेवढ्या भागाचं गंजणं-झिजणं वेगळं होतं. आणि क्वचित नवा रोटरच खोक्यातून असमान निघतो. नवं ते निर्दोष असं धरून चालू नका.

लिव्हर स्थिर आणि सायकल झोके खाते, या दुसऱ्या प्रकाराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हे दुखणं लोक स्वतःच्या हाताने ओढवून घेतात. डिस्क ब्रेक नुसत्या पोलादावर पॅड घासून थांबत नाही. पॅडमधला पदार्थ रोटरवर एक पातळ थर म्हणून बसतो आणि खरी पकड त्या थराची असते. थर सगळीकडे सारखा बसला तर ब्रेक लोण्यासारखा चालतो. तो चिकटवताना काय चुकतं? माणूस लांब उतार उतरतो, ब्रेक तापून लाल व्हायचा बाकी असतो, आणि खाली आल्यावर तो पूर्ण थांबून लिव्हर आवळून उभा राहतो. गरम पॅड एकाच जागी रोटरला दाबून धरलेला. पॅडचा अगदी पॅडच्याच आकाराचा ठसा तिथे उमटतो. मग प्रत्येक फेऱ्यात ती जागा आली की पकड बदलते. माझ्याकडे एकदा एका सायकलच्या रोटरवर हा ठसा इतका स्वच्छ उमटलेला होता की पॅड काढून त्यावर ठेवला तर कडेला कड जुळली. मालकाला दाखवल्यावर तो म्हणाला, वर चढलो तितका वेळ खाली उभा राहून फोटो काढत होतो, लिव्हर दाबूनच.

ठशावर इलाज सोपा. रोटर काढा, बारीक काचपेपरने दोन्ही बाजू गोलाकार हात फिरवत सारख्या घासा, जोर सगळीकडे एकच ठेवा. मग अल्कोहोलने पुसा, फडकं काळं येणं थांबेपर्यंत. पॅड सपाट काचेवर काचपेपर ठेवून हलके घासा, वरची चकाकी जाईल इतपतच. घासताना उडणारी धूळ नाकात जाऊ देऊ नका, तोंडावर मास्क लावा, आणि ती फुंकून उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून घ्या. नंतर ब्रेक पुन्हा बसवायचा, म्हणजे नव्याने थर तयार करायचा; त्याची रीत शेवटी सांगतो.

तेलकटपणा हा याचाच भाऊ. साखळीवर स्प्रे मारताना चार थेंब रोटरच्या एका बाजूला उडतात, तेवढ्या भागात पकड सुटते. सोबत बहुधा किंचाळल्यासारखा आवाजही येतो. रोटर धुऊन निघतो, पॅडचं मात्र सांगता येत नाही. तेल वरवर असेल तर घासून जातं, आत मुरलं असेल तर पॅड टाकून द्यावे लागतात. पॅड गॅसवर भाजून तेल जाळतात असं पुष्कळ जण सांगतात. मी करून बघितलंय. थोडे दिवस बरे चालतात आणि नेमके जिथे नको तिथे दगा देतात. पुढच्या ब्रेकवर मी तरी हा प्रयोग आता करत नाही.

बाहूंच्या संख्येइतके ठोके पडत असतील तर रोटरच्या बाहूंची मुळं बघा, जिथे ते बाहेरच्या पट्ट्याला मिळतात. तिथे घासल्याच्या चमकदार खुणा दिसल्या तर पॅड फार खाली बसलाय आणि पट्ट्याऐवजी बाहूंवर आपटतोय. हे बहुतेक वेळा अडॅप्टरच्या (रोटरच्या मापाप्रमाणे कॅलिपर उंच बसवणाऱ्या तुकड्याच्या) गोंधळामुळे होतं. काही कंपन्यांचे मोठे रोटर २०० मिलिमीटरचे, काहींचे २०३ चे. २०० च्या अडॅप्टरवर २०३ चा रोटर लावला तर पॅड दीड मिलिमीटर खाली बसतो. उलट केलं तर पॅडची वरची कड रोटरच्या बाहेर राहते, तेवढी झिजत नाही, आणि तिथे एक ओठ तयार होतो. तुमचा १८० चा आहे, तिथेही १८० आणि १८३ असा घोळ होऊ शकतो. खुणा नसतील आणि थरथर अगदी बारीक, फक्त खूप हलक्या दाबाला, असेल तर ती रोटरच्या मोठमोठ्या खिडक्यांमुळे असते. काही रोटरचा तो स्वभावच आहे, त्याच्या मागे लागू नका.

इथवरचं एका ओळीत धरायचं तर: लिव्हर हलतो तर जाडी मोजा, लिव्हर स्थिर तर रोटर स्वच्छ करा, बाहूंइतके ठोके तर पॅडची उंची बघा.

राहिली सैलपणाची मंडळी. पुढचा ब्रेक आवळून सायकल मागे-पुढे हलवा आणि एक बोट हेडसेटच्या खालच्या कपाशी, फ्रेम आणि फोर्क यांच्या सांध्यावर ठेवा. तिथे टक जाणवली तर हेडसेट सैल आहे. पॅड कॅलिपरच्या आत किंचित सरकल्याचा एखादा बारीक आवाज मात्र प्रत्येक सायकलला असतो, त्याने घाबरू नका. चाक धरून बाजूला हलवलं की हबचा प्ले कळतो. ॲक्सल, कॅलिपरचे बोल्ट, रोटरचे बोल्ट पान्हा लावून तपासा. सहा बोल्टच्या रोटरला टॉर्क्स २५ चा पान्हा लागतो. किती कसायचे ते कंपनीगणिक वेगळं असतं, शिमानो २ ते ४ न्यूटन मीटर सांगते, स्रॅम ६.२. सेंटर लॉकची (सहा बोल्टऐवजी एकाच रिंगने रोटर बसवण्याच्या पद्धतीतली) रिंग मात्र ४० न्यूटन मीटरला घट्ट होते, तिथे हाताच्या अंदाजाने कसलेली रिंग हमखास कमी कसलेली असते. सैलपणा एकटा क्वचितच ठोके निर्माण करतो. रोटरमध्ये असलेला लहानसा दोष तो मोठा करून दाखवतो. म्हणून हे सगळं मापं घेण्याच्या आधी उरकून टाका.

आणि एक कारण ब्रेकशी संबंधितच नसतं. एका ओळखीच्या माणसाच्या सायकलवर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. रोटर मोजला, आकडे उत्तम. हब ठीक. हेडसेट ठीक. तरी ब्रेक दाबला की एका फेऱ्याला एक उसळी. शेवटी चाक स्टँडवर नुसतं फिरवताना लक्षात आलं की टायर एका ठिकाणी रिममध्ये पुरता बसलेलाच नाही. तिथे टायरची रेघ रिमच्या आत गेलेली, आणि चाक तेवढ्यापुरतं चपटं. एरवी फोर्क ते पचवत होता. ब्रेक दाबला की वजन पुढे येऊन फोर्क दबायचा आणि मग ती उसळी जाणवायची. हवा काढली, कडेला साबणाचं पाणी लावलं, पुन्हा हवा भरली, ‘टप्प’ आवाज करून टायर जागेवर बसला. दोन संध्याकाळींचं काम पाच मिनिटांचं होतं. तेव्हापासून मी आधी चाक फिरवून टायरकडे बघतो, मगच मायक्रोमीटरला हात लावतो.

मापात जाडी सारखी आली, पण रोटर अजून आउट दिसत असेल, तर तो रोटरमुळे की हबमुळे हे ओळखायची एक युक्ती आहे. फोर्कला एक प्लॅस्टिकची केबल टाय बांधा, तिचं टोक रोटरला जवळजवळ टेकेल असं कापा, आणि चाक फिरवून रोटर सगळ्यात जास्त कुठे बाहेर येतो तिथे रोटरवर आणि हबवर, दोन्हीवर खूण करा. रोटर काढा, हबची बैठक पुसा, रोटर एका बोल्टने फिरवून, म्हणजे ६० अंशांनी पुढे, पुन्हा लावा. आउट रोटरच्या खुणेबरोबर सरकला तर रोटर वाकडा. हबच्या खुणेपाशीच राहिला तर हबच्या बैठकीत दोष: कधी रंगाचा थेंब, कधी कडेला उठलेला धातूचा कण. त्यावर रोटर कितीही सरळ केलात तरी उपयोग नाही. वाकडा रोटर सरळ करायचा तर रोटर अडकवायची फट असलेलं हत्यार घ्या आणि अगदी थोडा, थोडा वाकवा. कडेचे ०.२ ते ०.३ मिलिमीटर उरले की थांबा. त्यापुढे जाताना लोक एक वाक काढून दोन नवे घालतात.

एक इशारा देऊन ठेवतो, कारण हे काम घरी करणारे बरेच असतात. फिरत्या रोटरच्या जवळ बोट नेऊ नका. रोटरच्या खिडकीत बोट गेलं तर कॅलिपरपर्यंत ते सोबत नेतं, आणि बोट तुटल्याच्या घटना खरोखर घडलेल्या आहेत. चाक फिरवायचं तर टायरला धरून, थांबवायचंही टायरलाच. आणि उतारावरून आल्या आल्या रोटरला हात लावू नका, पाण्याने तर अजिबात थंड करू नका.

तुमच्यासाठी क्रम असा. आधी टायर आणि सगळे बोल्ट. मग बाजूला चालत खडूची चाचणी. मग लिव्हर हलतो की नाही. हलत असेल तर बारा ठिकाणी जाडी. फरक ०.०५ च्या आसपास किंवा जास्त आला, तर फक्त रोटर नवा घ्या, त्याच आकाराचा आणि तुमच्या पॅडला चालणारा. तुमचे पॅड नवे आहेत, पण ते काही दिवस खळगा पडलेल्या रोटरवर घासले गेलेत, म्हणून काचेवर सपाट करून घ्या, टाकायची गरज नाही. रोटर लावण्याआधी नवा असला तरी पुसा, आणि मायक्रोमीटर हाताशी आहेच तर चार ठिकाणी मोजून बघा.

मग ब्रेक बसवा. मोकळी सरळ जागा बघून ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग घ्या, ब्रेक ठामपणे दाबून चालण्याच्या वेगापर्यंत या, आणि पूर्ण थांबण्याच्या आत लिव्हर सोडा. असं साधारण वीस वेळा. मग थोड्या जास्त वेगातून दहा वेळा. चाक लॉक होऊ देऊ नका आणि शेवटच्या वेळेनंतर लिव्हर दाबून उभे राहू नका, नाहीतर नव्या रोटरवर पहिल्याच दिवशी वर सांगितलेला ठसा उमटेल. सुरुवातीचे आठ-दहा ब्रेक कमकुवत वाटतील, ते वाटायलाच हवेत.

जुना रोटर आठवडाभर ठेवा, बाहूंवर मोजलेले आकडे लिहून. नव्या रोटरवरही ठोके राहिले तर ते आकडे, खडूच्या खुणा कुठे पडल्या आणि ६० अंश फिरवल्यावर आउट कुणाबरोबर गेला, एवढं कळवा. तेव्हा आपण हबकडे वळू.